जर्दाळूचं पाणी आणि वास्कोला गेलेला गणपती

आधी कृती सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त पेयाशी मतलब आहे त्यांना पुढची माझी बडबड ऐकत बसायला नको. पाव किलो सुके जर्दाळू घ्यावेत. बियांसकट असलेले, सुरकुतलेले, दिसायला अगदी टाकाऊ. ते धुऊन, बुडतील एवढ्या गरम पाण्यात घालून रात्रभर झाकून ठेवावेत. सकाळी बिया काढून गर हातानं कुस्करावा. मिक्सर लावू नये, लावलाच तर मला सांगू नये. मलमलच्या फडक्यातून गाळून त्यात सव्वा लिटर पाणी, अंदाजानं साखर आणि मिठाचे चार कण घालावेत. बिया फोडल्या की आत बदामासारखा गर निघतो, तो सोलून वर टाकावा. शेवटी फुलांचं पाणी. मी हे जिथे शिकलो तिथे नारंगीच्या फुलांच्या अर्काची बाटली मिळायची. इथे मी आदल्या संध्याकाळी तांब्याभर पाण्यावर दहा-पंधरा जाईची फुलं तरंगत ठेवतो, सकाळी ती काढून टाकतो आणि ते पाणी दोन चमचे घालतो. गार करून द्यायचं. चार माणसांना पुरतं.

अंदाजानं म्हणजे किती, असं बायका विचारतातच. जर्दाळू किती आंबट निघावेत ते जर्दाळूंच्या मनावर असतं, म्हणून आकडा सांगता येत नाही. चाखूनच ठरवावं लागतं. या चाखण्यामुळे आमच्या घरचा गणपती वास्कोला गेला, असं आमच्या गावात, आमोण्यात, आणि वास्कोच्या एका इमारतीत सगळे सांगतात. त्यांना ते मीच सांगितलेलं आहे, तेव्हा त्यांचा काही दोष नाही.

मी अकरा वर्षं बहारीनला होतो. इमारती बांधणाऱ्या कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाकी. निघताना घरी मी मोठा शेफ होणार असं सांगून निघालो होतो, आणि तिथे पोचल्यावर पहिले आठ महिने कांदे सोलले. मेसचा मुख्य एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. दारातून आधी त्याचं पोट आत यायचं, मग आवाज यायचा, मग तो. हिंदीचे त्याला दोनशे शब्द येत असतील, त्यातल्या दीडशे शिव्या.

हे पेय त्याचं. रमजानच्या महिन्यात रोज संध्याकाळी रोजा सोडताना ते लागायचं. तिकडे जर्दाळूची पोळी मिळते, आपलं आंब्याचं साट असतं तशी, चिकट, नारिंगी, कागदात गुंडाळलेली. उस्ताद ती मोठ्या टोपात भिजत घालायचा. पण त्याची पंचाईत अशी की त्याचाही उपास असायचा, आणि तो इतका कडक की जिभेला थेंब लावायचा नाही. दोनशे माणसं दिवसभर उन्हात पाण्याशिवाय राबून येणार, आणि त्यांच्या पहिल्या घोटात साखर चुकली तर ती माणसं उस्तादाला त्याच टोपात बुडवतील. म्हणून त्यानं मला निवडलं. उपास नसलेला, आणि गप्पा मारत कायम त्याच्या नजरेसमोर असलेला असा मीच होतो. "तू मेरा जबान," असं तो म्हणायचा.

रोज चार वाजता तो सोहळा. उस्ताद डाव पुढे करणार, मी घोट घेणार आणि डोळे मिटणार. भाकरीवाले, भांडीवाले, सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे. आता इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघत असताना नुसतं "बरं आहे" म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. मी कपाळाला आठी घालायचो, मान हलवायचो, जणू काही आठवतंय असा छताकडे बघायचो. एकदा तर घोट घेऊन छातीला हात लावला आणि खालीच बसलो. उस्तादानं डाव फेकून मारला. तो कानाला लागला, आणि साखर अगदी बरोबर होती.

त्या मेसमध्ये दोन पेशावरी चुलतभाऊ होते. एकाच खोलीत राहायचे, पण एका वस्तऱ्यावरून त्यांच्यात बोलणं बंद होतं. दोन वर्षं एकमेकांना निरोप द्यायचा तर तो माझ्यामार्फत. एका संध्याकाळी बांग झाली, त्या पाण्याचा जग फिरत फिरत धाकट्याच्या हातात आला, त्यानं आपला पेला भरला आणि हात आपसूक पुढे झाला तो थोरल्याच्या पेल्यावर. थोरला प्याला. पेला खाली ठेवून म्हणाला, "आज मीठा कम है." धाकटा म्हणाला, "हां, कम है." साखर कमी नव्हती, मी स्वतः चाखली होती. पण मी कधी नव्हे तो गप्प बसलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की एका भांड्यातलं गार गोड पाणी माणसांना एकत्र ठेवतं. हे किती खरं आहे ते तपासून बघायची वेळ यायला पुढे बरीच वर्षं लागली.

आता घरचं सांगतो. आमोण्याला नदीच्या अंगाला आमचं घर. आई-वडील गेल्यावर घरात मी आणि माझी बायको. आम्हाला मूल नाही. माझा थोरला भाऊ, माझा दादा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो शाळेत जायला लागला तेव्हा पोर्तुगीज होते, मी जायला लागलो तेव्हा नव्हते. आमच्या दोघांत एवढं अंतर. दादा वास्कोला बंदरात नोकरीला लागला आणि तिथेच राहिला. आमच्या दारावरून खनिजाच्या बार्जेस खाली जायच्या, त्यातली माती तो तिकडे उतरवून घ्यायचा. वर्षभर त्याचं आमोण्याकडे फिरकणं व्हायचं नाही. पण गणेश चवथीला तो यायचा. वहिनी, दोन मुलगे, सुना, नातवंडं, शिवाय मडगावची चुलत मंडळी. वीस पानं उठायची. देव थोरल्याच्या हातचा, पूजा दादाच करणार, पण देव बसायचा आमोण्याच्या सालात, म्हणजे आमच्या दिवाणखान्यात. माटोळी मी बांधायचो. आंबाडे, तोरिंग, चिबूड, रानात सापडेल ते फळ छताच्या चौकटीला लटकवायचं. बायको महिनाभर आधीपासून घर सारवायची, पुसायची. वर्षातले दोन दिवस त्या घराला आवाज असायचा, आणि बाकीचे दिवस आम्ही दोघं त्या दोन दिवसांवर काढायचो.

आमच्याकडे घराण्याचा गणपती एकच. भाऊ कितीही वेगळे झाले, चुली किती झाल्या, तरी चवथ एका ठिकाणी. जिथे देव तिथे माणसं. गणपती ज्या घरातून गेला त्या घरात चवथीला कोणी यायचं नसतं, आणि मागे राहिलेल्यांनी आपला दुसरा गणपती आणायचा नसतो. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरजच पडत नाही.

तर एका वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी दादा आला. चहा घेऊन सोप्यावर बसला. बायको विस्तवावर काही तरी करत होती. दादा चहाकडे बघत म्हणाला, "पुढल्या वर्षी गणपती वास्कोला आणीन म्हणतो."

मी म्हटलं, "कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? आपला."

"त्याला विचारलंस?"

"विचारीन. चवथ झाली की देवळात जाऊन कौल घेईन. हिचे गुडघे गेले आहेत रे. मुलांना दोन दिवसांची रजा मिळत नाही. फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे."

"गणपतीला लिफ्ट लागते?"

दादा हसला नाही. म्हणाला, "तुम्ही दोघं या की तिकडे. पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून."

घरचे म्हणून असं ज्याला सांगावं लागतं तो पाहुणाच असतो. पण "आणीन म्हणतो" यातल्या "म्हणतो" या शब्दाला मी घट्ट धरून बसलो. कौल घ्यायचा आहे, म्हणजे ठरलेलं नाही. दोन दिवस माझ्या हातात आहेत. त्या दोन दिवसांत या घरात असं काही व्हायला हवं की दादालाच वाटावं, हे सोडून कुठे जायचं.

मी उठून जर्दाळू भिजत घातले. एक किलो.

बायकोला बेत सांगितला. ती बांद्याकडची, तिचं बोलणं मालवणी आणि नेमकं. म्हणाली, "पाण्यान माणसां रवतत काय?"

मी म्हटलं, "हे साधं पाणी नाही. हे नैवेद्याला ठेवणार आहे मी. नैवेद्याला ठेवलं की प्रसाद झाला. प्रसाद दादाला नाही म्हणता येत नाही, वहिनीला नाही म्हणता येत नाही. एका भांड्यातून सगळे पिणार. मग मी विषय काढणार."

"देवाक मध्ये घालून भावाक फसवतास."

"फसवत नाही. पाजतोय."

चवथीच्या सकाळी मी अंघोळ करून पंचा नेसून स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात मांडी घातली. वहिनी सोवळ्यात खतखत्याची भाजी करत होती. तिचं लक्ष माझ्याकडे होतं. मी नियम नीट पाळत होतो. जाईची फुलं काढताना वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही हे लक्षात ठेवून मी श्वास धरला होता, इतका की वहिनीनं विचारलं, "भावजी, दम लागतो का तुम्हाला?" जर्दाळू कुस्करले, गाळले, पाणी घातलं, साखर घातली, मीठ घातलं. ढवळलं. वहिनी नारळ आणायला मागल्या दारी गेली. आणि माझ्या उजव्या हातानं कुलेर, आपला चमचाच, उचललं, पातेल्यात घातलं आणि माझ्या तोंडात घातलं. मी डोळे मिटले. मान हलवली. छताकडे बघितलं. आणखी दोन मुठी साखर घातली. ढवळलं, पुन्हा एक कुलेर. बरोबर.

मग मला कळलं मी काय केलं ते.

नैवेद्य व्हायच्या आधी अन्नाला जीभ लावायची नाही हे आमच्याकडे पोराला चालायला लागण्याआधी शिकवतात. आईनं जन्मभर अळणी-खारट सगळं नजरेनं ओळखलं. मी ते विसरलो नव्हतो. माझी जीभ विसरली होती. अकरा रमजान ती उपास करणाऱ्यांच्या वतीनं चाखत आली होती, आणि तिकडे ते पुण्य होतं. पातेलं समोर होतं. दुसरे जर्दाळू नव्हते. वहिनी नारळ घेऊन आत आली तेव्हा मी कुलेर पंच्याला पुसत होतो. सांगून टाकलं असतं तर पातेलं मोरीत गेलं असतं आणि बेतही. मी सांगितलं नाही. आपण घातलेली साखर मोरीत ओतायला माणसाचा जीव होत नाही.

दादानं पूजा केली. नैवेद्याच्या पानाजवळ वाटीत जर्दाळूचं पाणी ठेवलं. आरती झाली, घुमट वाजवायला, म्हणजे आमचा मातीचा ढोल, चुलतभाऊ बसला होता, त्यानं त्या दिवशी हात मोकळा सोडला. वाटीतलं पाणी परत पातेल्यात मिसळून सगळा प्रसाद केला. पंगत बसली. मी कोप भरभरून फिरलो.

आणि ते लागलं. इतकं छान लागलं की मलाच भीती वाटली. नातवंडांनी तीन-तीन कोप प्यायले. वहिनी म्हणाली, "मोगऱ्याचा वास आहे का हा?" मी म्हटलं, "जाईचा." दादानं एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचं काही तरी सैल झालं. म्हणाला, "रे, गोड अगदी बेताचं झालंय. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही. कसं जमवलंस?"

इथे मी म्हणायला हवं होतं, जमलं देवाच्या कृपेनं. कोणीही म्हटलं असतं. पण वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उभा राहिलो. उस्ताद झालो, त्याचं पोट पुढे काढून. मग मी झालो. उस्तादाचा उपास, तो डाव पुढे करतो, मी घोट घेतो, डोळे मिटतो, छातीला हात लावून खाली बसतो. पंगत हसून लोळली. मडगावच्या काकीच्या नाकातून पाणी आलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता. मी पातेल्यातलं कुलेर उचललं आणि म्हटलं, "तशी सवय हो ही. आज सकाळीसुद्धा हाच प्रकार. एक कुलेर, डोळे मिटले, दोन मुठी साखर. परत एक कुलेर."

हसू एकदम नाही थांबलं. एकेका पानाशी थांबत गेलं. शेवटी एक नातू तेवढा हसत होता, त्याला आईनं चिमटा काढला.

वहिनीनं कोप खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "नैवेद्याच्या आधी, भावजी?"

मी कुलेर परत पातेल्यात ठेवलं.

"रमजानचं पाणी म्हणून मी काही म्हटलं नाही. उपासाचंच आहे, चांगलंच आहे. पण उष्टं?"

दादा म्हणाला, "जेवा. पानावर वाद नको."

कोणी पानावरून उठलं नाही. सगळे जेवले. अर्धं पातेलं उरलं. संध्याकाळी बायकोनं ते केळीच्या मुळाशी ओतलं. परत आली आणि म्हणाली, "तुमका कोणी इचारल्यानी, तेवढा सांगून गप बसूक काय झाला?" मी म्हटलं, "विचारलं म्हणूनच सांगितलं." ती म्हणाली, "साखरेचा इचारल्यानी. नाटक नाय इचारूक."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नदीवर विसर्जन झालं. बाकीचे वर गेले. दादा ओल्या पंच्यानं पायरीवर बसून राहिला, म्हणून मी बसलो. म्हटलं, "दादा, चुकलो. तू कौल घ्यायला जाशील तेव्हा माझी चूक देवाला सांग, पण देव इथून नेऊ नकोस. तुम्ही आला नाहीत तर आम्ही दोघं या घरात काय करणार?"

दादा पाण्याकडे बघत म्हणाला, "कौल मी मागल्या शिगम्यातच घेतला रे, घरी न येता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पाकळी उजवी पडली. देवानं हो म्हटलं. मूर्तीही सांगून ठेवली आहे वास्कोला, पुढल्या वर्षीसाठी."

"मग परवा सोप्यावर काय सांगत होतास? आणीन म्हणतो?"

"तुझं तोंड बघून पुढचं सांगवेना. दोन दिवस सारखा विचार करत होतो, तुला काय सांगून उठायचं." मग म्हणाला, "एका परीनं बरं झालं तू चाखलंस. आता लोकांना सांगायला काही तरी झालं."

माणसानं घर मोडायचं ठरवलेलं असतं आणि आपण मधे पातेलं घेऊन नाचत असतो. तो म्हणाला, "लोक विचारतील, का नेला. हिच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणतील सोय बघितली." मी म्हटलं, "माझं सांग." त्याला ते हवं होतं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. ओला हात.

पुढल्या वर्षीपासून चवथ वास्कोला. तिसरा मजला, फरशी चकचकीत, माटोळी स्टीलच्या नळीला बांधलेली. आम्ही दोघं आदल्या दिवशी बसनं जातो. वहिनी अगदी मायेनं करते, खोटं कशाला बोलू. "भावजी, तुमचं पाणी झालंच पाहिजे," म्हणते, आणि लगेच, "पण आरती झाल्यावर हां." सगळे हसतात. मग इमारतीतली माणसं येतात, कोणी तरी विचारतं की आमोण्याचा गणपती इथे कसा, आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी उभा राहतो. सांगतो. दर वर्षी गोष्ट थोडी वाढत गेली. कुलेराचा डाव झाला, दोन घोटांचे पाच झाले, वहिनी एका वर्षी भोवळ येऊन पडली, काकीच्या नाकातून पाणी येतंच. माणसं पोट धरून हसतात. माझी गोष्ट सुरू झाली की दादा उठून समईत तेल आहे का ते बघायला जातो. समई नेहमी भरलेली असते.

आमोण्याला त्या दोन दिवसांत घराला कुलूप असतं. एका वर्षी बायकोला ताप होता म्हणून आम्ही गेलो नाही. संध्याकाळी वाड्यावरची आरतीवाली मंडळी घरोघर फिरत होती, घुमट वाजवत, आमच्याच वाटेनं. आमच्या अंगणाजवळ आल्यावर घुमटावरचे हात थांबले. मंडळी गप्प चालत पुढे गेली आणि शेजारच्या पायरीवर पुन्हा वाजवायला लागली. त्यांचं काही चुकलं नाही. देव नाही तिथे आरती कसली करायची. मी जनेल किलकिलं करून बघत होतो. बायको आतून म्हणाली, "गेली काय?" मी म्हटलं, "गेली."

मग व्हायचं ते झालं. दादाचा जन्म पोर्तुगीज अमलातला, त्याच्या जन्मदाखल्यावर दोन्ही मुलांनी पोर्तुगीज पासपोर्टचे कागद केले आणि बायकामुलांसकट इंग्लंडला गेले. मडगावची मंडळी येईनाशी झाली, त्यांना वास्को लांब पडतं, आमोणं कधी लांब पडलं नव्हतं. वहिनीचे दोन्ही गुडघे बदलले तरी लिफ्टपर्यंत जायला तिला भिंत लागते. मूर्ती खालून वर आणायला वॉचमन लागतो. गेल्या चवथीला पंगतीला आम्ही चार माणसं होतो. मी गोष्ट सांगितली नाही, ऐकायला ज्यांना पाठ आहे तेच होते.

मे महिन्यात दादाचा फोन आला. "रे, गणपती परत घरी नेऊया का?"

बायकोला सांगितलं तेव्हा ती हातातलं टाकून साल झाडायला लागली, मे महिन्यात.

दादा एकटाच आला, काठी घेऊन. आम्ही देवळात गेलो. जुने पुजारी आता नव्हते, आताचे भटजी गावातलेच, आमची गोष्ट ऐकलेले. त्यांनी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, दोन्ही बाजूंना. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आधी दादाला विचारलं, "गणपती इथून नेला होता तो नैवेद्य उष्टा झाला म्हणून, नाही?"

दादानं माझ्याकडे बघितलं. त्यानं नाही म्हणायला हवं होतं, की मी, ते मला आजही ठरवता येत नाही. देवळात तेव्हा आणखी चार-सहा माणसं होती. सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली. दादा म्हातारा, हात जोडलेले, काठी काखेत. लोकांदेखत त्याला खोटं पाडायचं? मी मान खाली घातली. दादा म्हणाला, "होय."

भटजींनी खणखणीत आवाजात देवाला सांगितलं की या घरात नैवेद्याचा अपमान झाला, म्हणून थोरल्यानं देव दुसरीकडे नेला, आता परत त्याच घरात आणायचा म्हणतो, तर देवाची काय मर्जी. ऐकताना मलाही ते पटलं. मी जसं रंगवून सांगत आलो होतो तसंच त्यांनी सांगितलं.

पाकळी बराच वेळ पडेना. भटजींनी दुसऱ्यांदा सांगितलं. मग पडली ती डावी.

तीनदा विचारता येतं, पण दादानंच हात वर केला. "पुरे," म्हणाला. "नाही म्हटलंय त्यानं."

मी म्हटलं, "दादा, खरं कारण सांगून बघू."

"त्याला खरं कारण ठाऊक नसेल असं वाटतं तुला?"

मी त्याच्या काखेतली काठी काढून त्याच्या हातात दिली.

देवळाच्या पायरीवर तो बराच वेळ बसला. घरी जेवायला चल म्हटलं तर नको म्हणाला, दुपारची बस चुकेल. बस आली तेव्हा चढताना मी त्याची काठी धरली. आत बसून खिडकीतून म्हणाला, "चवथीला तुम्ही दोघं जरा आधीच या. चार दिवस आधी. मला आता माटोळी बांधवत नाही."

मी म्हटलं, "येतो."

घरी बायकोनं वाढून ठेवलं होतं, तीन पानं. मी एकटा आलेला बघून तिनं तिसरं पान उचललं. जेवताना म्हणाली, "माटोळीक वास्कोक आंबाडे बरे मिळनत नाय. हयसूनच न्हेवया."